कमी फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आणि दंतवल्काचे संरक्षण

मुलांसाठी कमी फ्लोराइडची टूथपेस्टच हितकारक, हा समज तपासून पाहणे आवश्यक आहे. साखरेपासून जिवाणूंनी निर्माण केलेल्या आम्लामुळे तोंडातील सामू सुमारे ५.५ च्या खाली गेल्यास इनॅमल अर्थात दंतवल्कातील खनिजे विरघळतात. फ्लोराइड ती पुन्हा बसण्यास साहाय्य करते. भारतात टूथपेस्टमधील फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे. त्याहून कमी प्रमाणाचा लाभ पुरेसा सिद्ध झालेला नाही. मात्र गिळलेल्या अतिरिक्त फ्लोराइडमुळे घडणाऱ्या दातांवर डाग पडतात. यवतमाळ जिल्ह्यात तर भूजलामुळेच फ्लोरोसिस आढळतो. म्हणून तासगाव परिसरातही कूपनलिकेचे पाणी पिणाऱ्यांनी प्रथम पाणी तपासावे. स्वीकार्य मर्यादा प्रतिलिटर १ मिलिग्रॅम आहे. पाणी मर्यादेत असल्यास पेस्ट बदलण्यापेक्षा तिची मात्रा आवरावी : तीन वर्षांखालील बालकांस तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी.