ड्रेड स्कॉटचा निकाल आणि लिंकन यांची हरकत

अमेरिकेतील सेंट लुईस येथे गुलामगिरीत असलेल्या ड्रेड स्कॉट यांनी 1846 साली कोर्टात अर्ज गुदरला, तो असा की, लष्करी डॉक्टर असलेल्या धन्याने आपल्याला गुलामगिरीस मनाई असलेल्या इलिनॉय राज्यात व विस्कॉन्सिनच्या मुलखात नेऊन ठेवले, तेव्हा आपण स्वतंत्र आहोत. कोर्टामागून कोर्ट करीत प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 6 मार्च 1857 रोजी सात विरुद्ध दोन मतांनी स्कॉट हरले. इतकेच नव्हे, तर आफ्रिकी वंशाचा मनुष्य या देशाचा नागरिक होऊच शकत नाही आणि केंद्राच्या ताब्यातील मुलखांत गुलामगिरी बंद करण्याचा काँग्रेसला अधिकार नाही, असा दंडक सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी घालून दिला.

सिनेटर स्टीफन डग्लस यांनी निकालाचा कैवार घेतला, तेव्हा 26 जून रोजी स्प्रिंगफील्ड येथे अब्राहम लिंकन यांनी उत्तर दिले, आणि त्या उत्तरातील विवेक मला फार मोलाचा वाटतो. स्कॉट यांच्या मुकदम्यापुरता हुकूम मान्य, त्याला कोणी बळाने अडथळा करू नये, हे त्यांनी निःसंदिग्ध सांगितले; परंतु न्यायाधीशांचे एकमत असते, पक्षाभिनिवेशाचा संशय नसता, सरकारची पूर्वापार वहिवाट अनुकूल असती आणि पाया खऱ्या इतिहासाचा असता, तरच असा निवाडा साऱ्या राष्ट्राच्या धोरणावर बंधनकारक मानता आला असता, आणि येथे तर यांतले काहीच नव्हते; म्हणून न्यायालयाने स्वतःच तो फिरवावा यासाठी आपण झटू, असे ते म्हणाले. इतिहासाचा मुद्दा सर्वांत जिव्हारी लागणारा होता. राज्यघटना घडवणाऱ्या जनतेत कृष्णवर्णीयांचा समावेशच नव्हता असे टॉनी यांनी गृहीत धरले होते, तर तेरांपैकी पाच राज्यांत मुक्त कृष्णवर्णीय तेव्हा मतदार होते हे न्यायमूर्ती कर्टिस यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात सप्रमाण दाखवले होते. तोच दाखला लिंकन यांनी श्रोत्यांपुढे ठेवला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील समता ही त्या क्षणीची वस्तुस्थिती नव्हती, पुढील पिढ्यांनी जिच्याकडे अखंड वाटचाल करावी अशी ती कसोटी होती, हा त्यांचा अर्थ. अर्थात याच भाषणात दोन्ही वंशांनी विभक्त राहावे, कृष्णवर्णीयांना परदेशी वसवावे, असेही ते म्हणाले. ही उणीव मोठी आहे आणि ती झाकू नये.

पाच वर्षांनी, टॉनी सरन्यायाधीशपदी असतानाच, 19 जून 1862 रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी सर्व केंद्रशासित मुलखांत गुलामगिरीस मनाई करणाऱ्या कायद्यावर सही केली. नागरिकत्वाचा प्रश्न मात्र 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनेच निकालात निघाला.