शौचकूपांतील आवाज व त्यांचें निदान

बैलाच्या डाव्या कुशीवर बोटें वाजवून पोटफुगी ओळखणारा शेतकरी घरचा शौचकूप गुरगुरूं लागला असतां तिकडे दुर्लक्ष करतो, हें नवल होय. २०१४ सालीं स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यापासून खेडोपाडीं शौचालयें पुष्कळ झालीं. परंतु तीं बोलूं लागलीं म्हणजे काय समजावें, हें फारसें कोणी सांगत नाहीं.

आवाज फ्लशच्या टांकींतून येतो कीं भांड्यांतून, हें प्रथम ठरवावें. टांकीचा आवाज पाण्याचें व पैशाचें नुकसान करतो, जिवाचें नाहीं. कोणी पाणी सोडलें नसतां टांकी मध्येंच भरूं लागली, तर तळाचें रबर झिजून पाणी भांड्यांत झिरपत असतें. टांकींत थोडी नीळ कालवावी व अर्धा तास शौचकूप वापरूं नये. भांड्यांत निळें पाणी दिसलें कीं रबर बदलावें. सतत सूं सूं ऐकूं येत असेल, तर बॉलकॉक पुरता मिटत नाहीं. गोळा किंचित खालीं घ्यावा, न भागल्यास वायसर बदलावा. पाणी बंद होतांना नळांत धाडकन् ठोका बसतो, तो वाहतें पाणी एकदम अडल्याचा. पंप थांबतांच नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आपटतो, तोच हा प्रकार. नळ भिंतीशीं पक्के आवळून पाण्याचा जोर थोडा कमी करावा.

भांड्यांतील गुडगुड मात्र निराळी. भांड्याखालच्या वांकड्या नळींत पाणी अडून राहतें व मैल्याचा वायु घरांत येऊं देत नाहीं. ग्रामीण पद्धतीच्या भांड्यांत हा पाण्याचा पडदा अवघा २० मिलिमीटर असतो. पाणी वेगानें खालीं जातांना त्यामागें हवा लागते. छपरावरील हवेच्या नळांत गांधीलमाश्यांनीं घर केलें असेल, तर ती हवा भांड्यांतून ओढली जाते, गुडगुड होते, पडदा तुटतो व दुर्गंधी घरभर पसरते. एकाच भांड्यांत आवाज असेल, तर बहुधा तेथेंच बोळा अडकलेला असतो. न्हाणीचें पाणी सोडतांच शौचकूप बोलूं लागला, तर दोष सामाइक नळांत किंवा त्याच्याही पुढें शोधावा.

हवेचा नळ मोकळा असूनही गुडगुड राहिली व पाणी सावकाश उतरूं लागलें, तर सेप्टिक टांकी भरल्याचा संशय घ्यावा. काळ्या जमिनींत पावसाळ्यांत शोषखड्डाच तुडुंब होतो. अशा वेळीं टांकी उपसली तरी थोड्याच दिवसांत आवाज परत येतो. पाऊस उघडेपर्यंत न्हाणीचें पाणी परसांत वेगळें काढावें, आणि विहीर जवळ असल्यास तिचें पाणी तपासून घ्यावें.

टांकी दोन-तीन वर्षांनीं यंत्रानें उपसवावी; गड्यास आंत उतरवूं नये. विहिरींत उतरण्यापूर्वीं जळता कंदील सोडून पाहण्याची आपली जुनी रीत येथें घातक आहे. मिथेन भडका घेतो. आणि कंदील विझणारही नाहीं एवढा हायड्रोजन सल्फाइड माणसाचा प्राण घेतो. त्याचें प्रमाण वाढलें कीं वासही कळेनासा होतो. एक पडला म्हणून दुसरा धांवून उतरतो, आणि दोघेही जातात. संरक्षक साधनांवांचून कोणास सेप्टिक टांकींत उतरवणें हा २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. उपसण्यासाठीं झांकण उघडावें लागेल तेव्हां मुलांना दूर ठेवावें, जवळ विडी पेटवूं नये, आणि काम होतांच झांकण पुन्हा घट्ट बसवावें.