साथीच्या काळात दवाखान्यातले उपचार का बदलत गेले?



गट सभेला एका सभासदाने उभे राहून आम्हाला विचारले, "२०२० ला आमच्या म्हाताऱ्याला एक औषध दिलं, २०२१ ला भावाला दुसरंच. डॉक्टर काय आमच्यावर प्रयोग करत होते का?" भाऊ वाचला, म्हातारा गेला. प्रश्न रास्त आहे. म्हणून या अंकात ऊस थोडा बाजूला ठेवला आहे.

सुरुवात जरा लांबून, डेन्मार्कपासून करू. १९५२ साली कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. या रोगात श्वास ओढणारे स्नायूच लुळे पडतात. तिथल्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास चालवणारे मोठे यंत्र एकच होते. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास अडकलेले ३१ रोगी आले, त्यातले २७ दगावले. तेव्हा बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावले. ऑपरेशनच्या वेळी वापरायची युक्ती त्याने खाटेपाशी आणली. एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत ढकलली. पोरगी जगली. मग सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने खाटेशेजारी बसून पिशव्या दाबू लागले. आपल्याकडे गळितात चालतात तशाच पाळ्या, रात्रंदिवस, कित्येक महिने! आधी दहातले आठ-नऊ जात, ते प्रमाण चारांच्या आसपास आले. अतिदक्षता विभागाचा जन्म यातूनच झाला.

एक गोष्ट ध्यानात घ्या. व्हेंटिलेटर रोग बरा करत नाही. पंप जळाल्यावर दुरुस्ती होईपर्यंत मोटेने पीक जगवावे, तसा तो वेळ काढून देतो.

कोरोनात मात्र खुद्द फुप्फुसच सुजलेले. जोराने हवा ढकलली तर इजा व्हायची. २०२० च्या सुरुवातीला ऑक्सिजन उतरला की लवकर नळी घालावी, असा बऱ्याच ठिकाणी कल होता. पुढे दिसून आले, की पुष्कळांचे भरपूर ऑक्सिजनवर, मास्कवर आणि पालथे झोपवून निभते. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो आणि उताणे झोपले की तो दबतो. पालथे झोपवायला पैसा लागत नाही, पण माणसं लागतात.

औषधांचेही तसेच झाले. प्लाझ्मासाठी लोक किती पळाले, ते आपण पाहिलेच. आयसीएमआरने ४६४ रोग्यांवर पारख केली, तेव्हा मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा सरकारी उपचारांतून निघाला. उलट डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध कामाला आले. इंग्लंडातल्या पाहणीत व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ज्याला ऑक्सिजनच लागत नाही, त्याला मात्र काडीचा फायदा नाही. आणि आमच्याकडे काय झाले? ताप आला, की पहिल्याच दिवशी हीच गोळी! रक्तातली साखर वाढली आणि २०२१ मध्ये काळ्या बुरशीचा जो कहर झाला, त्याला हेही एक कारण ठरले. दोष एकट्या रोग्याचा नाही, चिठ्ठ्या लिहून देणारेही होतेच.

तर, प्रयोग झाले का? होय, झाले. पण संमती घेऊन, आणि कोणाला औषध द्यायचे, कोणाला नेहमीचेच उपचार, ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून. पाडेगावला उसाची नवी जात जुनीच्या शेजारी लावून बघतात ना, तेच. शेजारी जुनी नसली तर उतारा जातीचा की पावसाचा, कसे कळणार?

त्या सभासदाला आम्ही हेच सांगितले. म्हातारा कधी गेला, म्हणून विचारले. म्हणाला, मे महिन्यात. डेक्सामेथासोनचा निकाल बाहेर आला तो १६ जून २०२० रोजी.