न दाखवण्याचे पैसे

रानपिंगळा या लहान घुबडाचे फोटो ओळीने पाहत गेलं की एक गोष्ट खटकते. काढणारे वेगळे, कॅमेरे वेगळे, कोपऱ्यातल्या सह्या वेगळ्या. फांदी मात्र तीच. पानं झडलेल्या सागाचा शेंडा, डावीकडे मोडलेला एक खुंट आणि त्या खुंटावर पिवळ्या डोळ्यांनी रोखून पाहणारा पक्षी. माझ्या डोंबिवलीच्या मित्रांपैकी तिघांकडे हा फोटो आहे, आणि तिघंही तो आपण ‘मिळवला’ असं सांगतात. रानात सागाची इतकी झाडं असताना सगळ्यांना नेमकी हीच फांदी कशी मिळते, याचं मला पक्ष्यापेक्षा जास्त कुतूहल वाटायला लागलं. म्हणून मार्चमधल्या एका पहाटे त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर, ट्रायपॉड आणि थर्मास यांच्या मधल्या जागेत जाऊन बसलो.

शहापूर मागे टाकून नाशिक महामार्ग सोडला तेव्हा उजाडायचं होतं. फाट्यावर आमचा वाटाड्या उभा होता. तिशीचा असेल. पायात साध्या चपला, गळ्यात दुर्बीण. दुर्बिणीचा पट्टा तुटलेला, तिथे सुतळी बांधलेली. मित्र त्याला ‘दादा’ म्हणतात, तो त्यांना ‘सर’ म्हणतो. गाडीचं दार ओढता ओढताच त्याने, बहुतेक प्रत्येक गाडीला सांगत असेल तसं, सांगून टाकलं, “हा पक्षी ११३ वर्षं कोणाला दिसला नव्हता, सर.”

आकडा खरा आहे. या पिंगळ्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ॲलन ह्यूमने, १८७३ साली. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत ज्याचं नाव आलं, तोच हा ह्यूम. त्यानंतर मोजकेच नमुने गोळा झाले. शेवटचा १८८४ साली, खानदेशात नोकरी करणाऱ्या जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने टिपलेला. मग पक्षी नाहीसा झाला. मधे १९१४ सालची, गुजरातेतल्या मांडवीची चिठ्ठी लावलेला एक नमुना तेवढा होता. रिचर्ड माइनर्टझागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा. सालिम अली आणि डिलन रिप्ले या पक्षीतज्ज्ञांनी शोध घेतला, हाती काही लागलं नाही. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयांतले जुने नमुने पुन्हा तपासले, तेव्हा मांडवीचा नमुना चोरीचा निघाला. माइनर्टझागेनने ब्रिटिश संग्रहालयातला डेव्हिडसनचाच पक्षी उचलून, पुन्हा भरून, त्याला स्वतःची चिठ्ठी डकवली होती. ती चिठ्ठी बाजूला सारून बाई आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागे गेले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या रानात त्यांना रानपिंगळा दिसला. १८८४ ते १९९७. वाटाड्याचे ११३.

आम्ही निघालो होतो त्या तानसाच्या रानात तो असल्याचं कळलं ते त्याहून उशिरा, २०१४ साली. मुंबईला पाणी पाजणारं तानसा धरण पुरं झालं १८९२ला, म्हणजे डेव्हिडसनच्या पक्ष्यानंतर आठच वर्षांनी. तलावाच्या पाणलोटात रान राखणं शहराच्या गरजेचं होतं. मुंबईतला कितीतरी चहा ह्याच पाण्याचा असेल, असं मी म्हटलं. डॉक्टर मित्राने “आयएसओ किती ठेवू?” असं शेजाऱ्याला विचारून विषय संपवला.

चौकीवर नोंद झाली, शुल्क भरलं, आणि आम्ही चालायला लागलो.

मार्चमधलं सागाचं रान सुंदर वगैरे नसतं. पायाखाली वाळलेल्या पानांचा खच, प्रत्येक पावलाला इतका आवाज की कुजबुजण्याला अर्थच उरत नाही. ऐन, धावडा, खैर सगळे ओकेबोके. पळस तेवढा लाल. मोहाच्या झाडांखाली बायका फुलं वेचत होत्या, आणि मोहाचा तो गोड, किंचित आंबूस वास जळक्या पानांच्या वासात मिसळून नाकात बसला होता. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. ती आग कधी कधी तिथे थांबत नाही. काळ्या पडलेल्या एका पट्ट्यापाशी वाटाड्या उभा राहिला आणि अर्ध्यापर्यंत जळालेल्या एका पोकळ बुंध्यात त्याने हात घालून पाहिला. “ढोली होती चांगली,” एवढंच म्हणाला. रानपिंगळा घरटं बांधत नाही, जुन्या झाडाच्या ढोलीत राहतो. पंचवीस-तीस वर्षांच्या सागाला ढोली नसते. म्हातारी झाडं गेली की घरं गेली.

पहिल्या अर्ध्या तासातच एक पिंगळा दिसला आणि तिन्ही लेन्स वर गेल्या. वाटाड्याने दुर्बीण उचललीही नाही. “हा ठिपक्यांचा, सर. गावातला. डोकं बघा.” डोक्यावर पांढरे ठिपके होते. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात; छाती सलग तपकिरी, पोट पांढरं, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, पाय जाडजूड. लांबी जेमतेम २३ सेंटिमीटर. एवढ्या तफावतीवर दहा लाखांच्या पुढची लेन्स खाली आली. गावातल्या पिंगळ्याचा एकही फोटो कोणी काढला नाही.

वाटाड्या शोधतो म्हणजे काय करतो, हे मी पाहत होतो. तो फारसा वर बघतच नाही. खोडांवरून उतरलेले विष्ठेचे पांढरे ओघळ बघतो. बुलबुल आणि कोतवाल एकदम चिडून ओरडायला लागले की थांबतो. लहान पक्षी शिकारी पक्ष्याभोवती असा गलका करतात. मधेच हात वर करतो आणि आम्हाला उभं करतो. हा पिंगळा दिवसा वावरतो, सकाळच्या उन्हाला शेंड्यावर येऊन बसतो, सरडे, टोळ, उंदीर धरतो. त्यामुळे ऊन कुठल्या शेंड्यांवर आधी पडतं हे ज्याला ठाऊक, त्याला पक्षी ठाऊक. त्या फांदीचं कोडं माझ्यापुरतं इथे सुटलं. पूर्वेकडे उतार, समोर मोकळी जागा, खाली सरड्यांना आवडणारे दगड. फांदी पक्ष्याने निवडलेली होती, आणि ती पाहिलेली होती या माणसाने, पावसाळा सोडून जवळजवळ रोज रानात येऊन.

पण त्या सकाळी फांदी रिकामी होती.

वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. बँकेतल्या मित्राने खिशातून फोन काढला. “दादा, एकदाच कॉल लावू का? हळू आवाजात.”

कॉल लावणं म्हणजे पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज त्यालाच ऐकवायचा. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा कोणी शिरला. तो काम टाकून हाकलायला येतो, तावातावाने उघड्या फांदीवर बसतो, आणि फोटो छान येतो. छायाचित्रकार त्याला ‘रिस्पॉन्स चांगला आहे’ म्हणतात. दर रविवारी चार गाड्यांनी चार वेळा हे केलं, तर त्या पक्ष्याची सकाळ नसलेल्या शत्रूशी भांडण्यात जाते. कुठे कुठे उंदीर सोडून घुबडं खाली उतरवतात आणि झडप घालतानाचा फोटो ‘थरारक क्षण’ म्हणून मिरवतात. त्यामानाने फोनवरचा आवाज मवाळ. वाटाड्या “नको सर” म्हणाला. आवाज चढवला नाही, कारणही दिलं नाही. मित्राने फोन खिशात ठेवला, पण चेहऱ्यावर उधारी नाकारलेल्या गिऱ्हाइकाची नाराजी होती.

मग डाव्या हाताला छोटी, गोल शीळ आली. पुन्हा आली. वाटाड्याने बोट दाखवलं ते त्या प्रसिद्ध फांदीच्या बऱ्याच अलीकडे, एका ऐनाच्या आडव्या फाट्यावर. पक्षी कधीचा तिथे बसलेला असावा. शेपटी डावीकडून उजवीकडे झटकत होता. मग शटरचा कडकडाट सुरू झाला, आणि ज्या शांततेसाठी आम्ही एवढा वेळ श्वास सांभाळत होतो ती आमच्याच यंत्रांनी संपवली. मी दुर्बिणीतून पाहत होतो. पक्ष्याने आमच्याकडे एकदा पाहिलं, मग खालच्या दगडांकडे. सगळा वेळ तो खाली पाहत होता. सरडा आमच्यापेक्षा महत्त्वाचा होता, हे बघून मला बरं वाटलं.

“फांदी मधे येतेय,” डॉक्टर म्हणाले आणि दोन पावलं पुढे सरकले. वाटाड्याने त्यांच्या दंडाला हात लावला. नुसता लावला. डॉक्टर मागे आले. दहा मिनिटांनी तोच म्हणाला, “चला सर, झालं.” पक्षी अजून बसलेलाच होता. उडेपर्यंत थांबायचं नाही, हा त्याचा नियम. उडाला म्हणजे आपण उडवला, असं तो धरतो.

परतताना बँकवाल्या मित्राने मुद्द्याला हात घातला. “दादा, आत्ता पिल्लं असतील ना? ढोली तुला माहीत असणारच. लांबूनच. वर हजार देतो.”

वाटाड्या चालत राहिला. ढोली त्याला माहीत होती, हे त्याच्या न बोलण्यावरून आम्हा सगळ्यांना कळलं. कायदा त्याच्या बाजूने आहे: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं शिकारीच्या व्याख्येतच येतं. पण त्या पायवाटेवर कायदा सांगायला कोणी नव्हतं. एक माणूस होता, त्याला हजार रुपये हवे होते, आणि विचारणारे ‘सर’ होते. “घरट्याचं नाही सर,” तो म्हणाला, आणि लगेच मोहाची फुलं यंदा कमी पडली आहेत हे सांगायला लागला.

मी अनेकदा त्या वाक्यापाशी परत येतो. दंडाला लावलेला हात, “चला, झालं”, आणि “घरट्याचं नाही”. पक्षी शोधण्याचं कसब त्याच्याकडे आहेच. पण त्याचं अवघड काम ते नव्हे. दोनशे रुपयांच्या चपला घातलेल्या माणसाने दहा लाखांच्या लेन्सला थांब म्हणायचं, हे अवघड. आणि थांब म्हटल्यावर ती गाडी पुढच्या वेळी त्याला बोलवेलच असं नाही.

गाडीपाशी मी त्याला विचारलं, इतक्या फोटोंखाली तुझं नाव कुठेच नसतं, वाईट वाटत नाही? “नाव टाकलं की नंबर मागतात, नंबर मिळाला की जागा मागतात. आठवड्याला दोन गाड्या बऱ्या. दहा आल्या तर तो जाईल, मग आमचंपण काम जाईल.” मग ११३ वर्षांवर आलो. तुझ्या आजोबांनी पाहिला असेल का रे? तो हसला. “आजाला कोण विचारायला आलं होतं?” आजाने पाहिलेला पिंगळा कोणता, रानातला की गावातला, हे आता कळायला मार्ग नाही. पण ११३ वर्षं पक्षी रानातच होता. शोधणारे मांडवीच्या खोट्या चिठ्ठीने भलतीकडे गेले होते.

आज जगात या जातीचे प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे, आणि ते बहुतेक मेळघाट, सातपुडा आणि आसपासच्या रानांत. २०१८ साली त्याला ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’मध्ये आणलं गेलं. एक पायरी बरी. रान तोडणं, वणवे आणि घुबडांवरचे अघोरी प्रकार यांपुढे कॅमेरे ही लहान बाब आहे, असं माझे मित्र म्हणतात, आणि ते खोटं नाही. कॅमेऱ्यांमुळेच वाटाड्याला रानात राहून पोट भरता येतं, हेही खरं. पण ज्या पक्ष्याची गणती शेकड्यांत होते, त्याच्या बाबतीत एका ढोलीसमोरची चार माणसं ही लहान बाब मला वाटत नाही.

या धंद्याचा रिवाज पक्ष्यावर पैसे देण्याचा आहे. ‘साइटिंग’ झालं तर खुशी, नाही झालं तर तोंड पाडून ठरलेलं. कॉल लावणं, उंदीर सोडणं, ढोली दाखवणं ही सगळी या रिवाजाचीच पिल्लं. दिवस ठरवावा, पक्षी ठरवू नये, एवढी साधी सुधारणा करायला कोणत्याही खात्याचा आदेश लागत नाही.

फाट्यावर उतरताना बँकवाल्या मित्राने ठरलेले पैसे दिले आणि जरा ओशाळून वर दोन पाचशेच्या नोटा ठेवल्या. वाटाड्याने त्या मोजल्या, मित्राकडे पाहिलं आणि खिशात घातल्या. “दाखवलं नाही त्याचे म्हणून घेतो सर,” तो म्हणाला.

माझ्या मते दरपत्रकात पहिली ओळ हीच हवी.