मोठ्याचे कालवण : स्वस्त, पौष्टिक आणि लाज न बाळगता

रविवार उजाडला की ठाणे, कळवा, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यातील आपल्या वस्त्यांत घरोघरी एकच प्रश्न असतो, आज कालवण कशाचे? आठवडाभर लोकलचे धक्के खाऊन दमलेल्या माणसाला आणि वरणभात खाऊन कंटाळलेल्या मुलांना एक दिवस तरी चांगले जेवण हवे असते. परंतु बोकडाच्या मटणाचा भाव ऐकला की गृहिणीचा हात आखडतो. मग पाव किलो मटण आणायचे आणि रश्शात पाणी वाढवत जायचे, नाहीतर ब्रॉयलर कोंबडीवर भागवायचे, असा मार्ग काढला जातो. वास्तविक म्हशीचे मांस, ज्याला आपल्या घरांत 'मोठ्याचे' म्हणतात, ते मटणाच्या निम्म्याहूनही कमी दरात मिळते. आपल्या कित्येक पिढ्या मोठ्याच्या मांसावर वाढल्या. पण चाळीतून ब्लॉकमध्ये राहायला गेलेले आपले सुशिक्षित बांधव आज त्याचे नाव घ्यायला कचरतात. खिडक्या लावून घेतात, मुलांना 'शाळेत सांगू नका' म्हणून बजावतात. जी वस्तू कष्टाच्या पैशाने विकत आणली आणि स्वच्छ रांधली, तिची लाज का वाटावी, याचा विचार या निमित्ताने झाला पाहिजे. आणि ती कमी खर्चात, भरपूर भाज्या घालून, मंद आचेवर कशी शिजवावी हेही समजून घेतले पाहिजे.

बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितले?

आपल्यातील काही मंडळी म्हणतात, "बाबासाहेबांनीच हे सोडायला सांगितले होते." येथे गल्लत होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या समाजाला आवाहन केले ते मृत जनावराचे मांस सोडण्याचे. गावात मेलेले ढोर ओढायचे, त्या बदल्यात त्याचे मांस आणि शिळे तुकडे पदरात घ्यायचे, हा गुलामीचा करार त्यांना मोडायचा होता. समाजाने तो मोडला, त्यासाठी गावोगाव मार आणि बहिष्कार सोसला. तो इतिहास मुलांना सांगितलाच पाहिजे. परंतु मेलेले ढोर ओढून मिळालेले मांस आणि दुकानातून दाम मोजून आणलेले ताजे मांस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पुढे १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथात बाबासाहेबांनी गोमांसाचा प्रश्न सविस्तर तपासला. वैदिक काळी गोमांस खाल्ले जात होते, नंतर ब्राह्मणांनी ते सोडले, आणि जे बौद्ध राहिले व खातच राहिले त्या 'वाताहत झालेल्या' माणसांवर अस्पृश्यता लादली गेली, असा सिद्धांत त्यांनी मांडला. म्हणजे आपल्या ताटातील पदार्थावरून आपल्याला हीन ठरवण्याचा डाव किती जुना आहे, हे त्यांनीच दाखवून दिले.

अहिंसेचे काय, असाही प्रश्न विहारात विचारला जातो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्धाने भेद केला असल्याचे स्पष्ट केले आहे. पाली वाङ्मयातील जीवक सुत्तातही, आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली तर ते मांस भिक्षूने घेऊ नये, एरवी घेता येते, असा नियम आहे. तरीही ज्या उपासक-उपासिकांनी करुणेपोटी मांसाहार सोडला आहे त्यांचा निर्णय आदराचाच आहे. खाणे किंवा न खाणे हे ज्याने त्याने विचाराने ठरवावे, दुसऱ्याच्या धाकाने नव्हे.

कायदा माहीत असू द्या

धाकाचा विषय निघाला म्हणून कायद्याविषयी दोन शब्द. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी होती. मार्च २०१५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने बैल आणि वळू यांनाही ती लावण्यात आली. म्हशीचे मांस या संपूर्ण बंदीत येत नाही. मात्र कत्तलीसाठी प्रमाणपत्र लागते. म्हणून खरेदी परवानाधारक दुकानातूनच करावी आणि पावती मागून घ्यावी. ही सूचना उगाच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत, कल्याणला निघालेल्या एका वृद्ध मुस्लिम प्रवाशाला केवळ गोमांसाच्या संशयावरून मारहाण झाली. २०२५ च्या १५ ऑगस्टला कल्याण-डोंबिवली महापालिकेने १९८८ च्या ठरावाचा आधार घेऊन कत्तलखाने आणि मांसाची दुकाने बंद ठेवण्याचा आदेश काढला, तेव्हा स्वातंत्र्यदिनी लोकांनी काय खावे हे महापालिका ठरवणार काय, असा सवाल अनेकांनी केला. कायदा माहीत असलेला माणूस अशा वेळी गोंधळत नाही.

चिवट मांस मऊ कसे होते?

मोठ्याच्या मांसाबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे ते चिवट राहते. त्याचे कारण समजले की उपायही सापडतो. जनावराचे पाय, मान, खांदा हे भाग सतत काम करतात. त्यांतील स्नायूंना कोलॅजन नावाच्या चिवट धाग्यांनी बांधून ठेवलेले असते. मोठ्या आचेवर भराभर उकळले तर स्नायू आवळतात, पाणी बाहेर टाकतात आणि मांस रबरासारखे होते. तेच दोन-तीन तास मंद आचेवर, नुसते बारीक बुडबुडे येत राहतील इतपत शिजवले, तर कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटीन होते. मांस हाडापासून सुटते आणि रस्सा आपोआप दाट होतो. म्हणून या कामाला महाग, गुळगुळीत तुकडे नकोतच. नळी, मान, दस्ती हे स्वस्त भागच चांगले.

जगभरच्या कष्टकऱ्यांनी हीच युक्ती शोधली आहे. हंगेरीतील गुराख्यांचे गुलाश, आयर्लंडच्या शेतकऱ्यांचा बटाटे घातलेला स्ट्यू, आपल्याकडे भिवंडी-मुंब्र्याच्या हॉटेलांत सकाळी मिळणारी निहारी, ही सारी एकाच कुळातील भावंडे होत. आपल्या मराठवाड्याच्या आयाबायांनीही चुलीतल्या निखाऱ्यांवर हंडी ठेवून हेच केले. त्या स्वयंपाकाची नोंद मराठी पाककृतींच्या पुस्तकांनी कधी घेतली नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून ती उणीव भरून काढली. ते पुस्तक प्रत्येक विहाराच्या वाचनालयात असावे.

साहित्य (सहा माणसांसाठी)

मोठ्याचे मांस हाडासह अर्धा किलो, कांदे ३, बटाटे ३, गाजरे २, लाल भोपळा पाव किलो, शेवग्याच्या शेंगा २, टोमॅटो २, लसणाच्या १२ पाकळ्या, आल्याचा बोटभर तुकडा, हळद अर्धा चमचा, कांदा-लसूण मसाला २ चमचे, तेल २ मोठे चमचे, येसर २ मोठे चमचे, मीठ, कोथिंबीर, लिंबू.

येसर म्हणजे बाजरी किंवा ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने आणि थोडे मसाल्याचे पदार्थ खमंग भाजून केलेले पीठ. प्रत्येक घराची पद्धत थोडी निराळी असते. ते नसेल तर भाजलेले बेसन चालते. भाज्या हंगामाप्रमाणे बदलाव्यात. संध्याकाळी उशिरा जांभळी नाक्याला किंवा कल्याणच्या बाजारात भाव उतरतात, तेव्हा सुरण, वांगी, घेवडा, नवलकोल जे स्वस्त असेल ते घ्यावे. कालवणात मांसापेक्षा भाजी दुप्पट असली पाहिजे. खर्चाचे सारे गणित यावरच उभे आहे.

कृती

१. मांस धुऊन पाणी निथळू द्यावे. हळद, मीठ, वाटलेले आले-लसूण चोळून अर्धा तास ठेवावे.

२. जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून कांदा लाल होईपर्यंत परतावा. मग मांस घालून सर्व बाजूंनी तांबूस होईतो परतावे. घाई करू नये, चव येथेच तयार होते.

३. मसाला आणि टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत परतावे. पाच-सहा पेले गरम पाणी घालावे. गार पाणी घातले की शिजण्याची गती मोडते.

४. एक उकळी आली की आच अगदी मंद करावी आणि घट्ट झाकण ठेवून दोन ते अडीच तास शिजू द्यावे. मांस बोटाने तुटू लागले की बटाटा, गाजर घालावे. पंधरा मिनिटांनी शेवगा आणि शेवटी भोपळा घालावा.

५. येसर पाण्यात कालवून ओतावे, दहा मिनिटे उकळावे. वरून कोथिंबीर घालावी. ज्वारीची भाकरी किंवा भाताबरोबर वाढावे.

गॅसची बचत

अडीच तास गॅस जाळणे सर्वांना परवडणार नाही. त्यासाठी प्रेशर कुकर वापरावा. तिसरी पायरी झाली की पाणी थोडे कमी घालून झाकण लावावे, एक शिटी मोठ्या आचेवर आणि नंतर पंचवीस-तीस मिनिटे मंद आच द्यावी. वाफ आपोआप जिरू द्यावी. भाज्या नंतर झाकण काढून शिजवाव्यात.

दुसरी पद्धत जुन्या गोधडीची. पातेले पाऊण भरलेले असावे. पाऊण तास चांगले उकळल्यावर झाकणासह गोधडीत घट्ट गुंडाळून खोक्यात तीन तास ठेवावे. आतल्या उष्णतेवर मांस शिजत राहते. नंतर पुन्हा खळखळून उकळून मगच भाज्या घालाव्यात. कोमट अवस्थेत रात्रभर मात्र ठेवू नये, अन्न बाधते.

आता विजेवर चालणारे 'स्लो कुकर'ही मिळतात. ही कल्पना काही परदेशातूनच आली असे नाही. कोलकात्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास निखाऱ्यांवर चालणारा 'इकमिक कुकर' तयार केला होता. एकावर एक डबे, खाली कोळसा, आणि माणूस कामावर जाऊन येईपर्यंत जेवण तयार. विजेचा स्लो कुकर साधारण २०० वॅटचा असतो. सात तासांत दीड युनिटच्या आसपास वीज लागते. नवरा-बायको दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात त्याचा उपयोग आहे. त्यात बटाटा, गाजर तळाला आणि परतलेले मांस वर ठेवावे, झाकण वारंवार उघडू नये. राजमा घालायचा असल्यास तो आधी भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात दहा मिनिटे खळखळून उकळून घ्यावा. नुसत्या मंद आचेवर राजम्यातील विषारी अंश जात नाही. दुपारी वीज जाण्याचा त्रास असलेल्या भागात घरी कोणी नसताना तो लावून जाऊ नये.

जे मांस खात नाहीत त्यांनी मांसाऐवजी रात्रभर भिजवलेले हरभरे आणि सोयाबीनच्या वड्या घ्याव्यात. कृती तीच, वेळ निम्मा. लिंबू अवश्य पिळावे, त्याने धान्य-भाजीतील लोह अंगी लागते.

वाढताना

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मोठ्याच्या मांसात लोह आणि प्रथिने भरपूर असतात. पण ते कोणाच्या ताटात पडते? आपल्या कितीतरी घरांत आजही तुकडे आधी पुरुषांना, मग मुलग्यांना, आणि आई-मुलींच्या वाट्याला खरवडलेला रस्सा. समतेच्या घोषणा देणाऱ्या घरात हे शोभत नाही. तुकडे मोजून सर्वांच्या ताटात सारखे वाढावेत आणि स्वयंपाक करणारीनेही सर्वांसोबतच जेवायला बसावे. जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, चहाने लोह शरीरात कमी शोषले जाते. तासाभराने घ्यावा.

आपल्या भागातील महिला मंडळांनी एखाद्या रविवारी विहाराच्या वंदनेनंतर घरी प्रत्येकीने हे कालवण करून पाहावे, दोन्ही प्रकारचे, आणि पुढच्या बैठकीत प्रत्येकीने खर्चाचा हिशेब मांडावा. कोणती भाजी स्वस्त पडली, गॅस किती लागला, मुलांनी काय आवडीने खाल्ले, हे एकमेकींना सांगावे. आणि पुढच्या वेळी मुलाने शाळेत डब्यात काय होते ते सांगितले, तर त्याला गप्प करू नये.

जय भीम!