आंबा देवगडचा, कोड मुंबईचा! सिंधुदुर्गात टेक उद्योजक कसे घडतील?

बनावट ‘देवगड हापूस’ रोखण्यासाठी २०२५ च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने आंब्यांवर यूआयडी स्टिकर आणले. कोड व्हॉट्सॲपवर पाठवला की आंबा खरा की खोटा, ते कळते. प्रश्न सिंधुदुर्गाचा, तंत्रज्ञान मात्र मुंबईच्या कंपनीचे.

अडचण काय?
मालवण-कुडाळची मुले इंजिनीअर होऊन मुंबई-पुणे गाठतात. कल्पना पारखणारे अनुभवी उद्योजक आणि सुरुवातीला पैसे घालणारे गुंतवणूकदारही तिथेच भेटतात.

उपाय काय?
१९९२ मध्ये सिलिकॉन व्हॅलीत सुरू झालेल्या ‘टाय’ संस्थेत यशस्वी उद्योजक नवख्यांना मार्गदर्शन करतात. सिंधुदुर्गात चाकरमानी गणपतीला येतातच. त्यांच्यातले उद्योजक, इथले बागायतदार-मच्छीमार आणि स्थानिक तरुण दरवर्षी एकत्र बसले, तर पुढचा कोड कुडाळातही लिहिला जाईल.