पाव मापाचा पायपर कब: सांगाड्यापासून धावपट्टीपर्यंत

पायपर जे-३ कब हे अमेरिकेतलं जुनं, पिवळ्या रंगाचं, दोन आसनी विमान. १९३८ ते १९४७ या काळात पेन्सिल्व्हेनियातल्या लॉक हेवन इथे अशी सुमारे वीस हजार विमानं तयार झाली. रेडिओवर उडणारं मोठं मॉडेल पहिल्यांदाच करायला घेणाऱ्यानं हेच निवडावं, असं माझं मत आहे. पंख सरळ, धडाच्या वर बसवलेले, वेग बेताचा, आणि उडवणाऱ्याच्या बऱ्याच चुका ते पोटात घालतं.

पाव मापाचं म्हणजे मूळच्या प्रत्येक लांबीचा चौथा हिस्सा. मूळ पंखांचा विस्तार १०.७ मीटर, मॉडेलचा जवळजवळ २.७ मीटर. पण लांबी चौथाई झाली की पंखांचं क्षेत्रफळ सोळावा हिस्सा उरतं आणि वजन चौसष्टावा. मूळ विमानाचं माणसं-इंधनासकट कमाल वजन ५५३ किलो होतं. त्याचा चौसष्टावा भाग ८.६ किलो. नीट बांधलेलं मॉडेलही साधारण ७ ते ९ किलोच भरतं. एवढं धूड ताशी पन्नास-साठ किलोमीटरनं जात असतं, तेव्हा छोट्या मॉडेलमध्ये खपून जाणारी ढिलाई इथे खपत नाही. अशी मॉडेलं पंख मोडून क्वचितच पडतात. एखादी पिन निसटते, वायर तुटते, बॅटरी दगा देते. म्हणून लाकूडकाम थोडक्यात पाहू आणि जोडणीवर जास्त वेळ घालवू.

लाकूड आणण्याआधी घराचा दरवाजा, लिफ्ट आणि गाडी मोजावी. पंख दोन भागांत सुटे होतात, पण धड दीड मीटरहून लांब आणि अखंड असतं.

सांगाड्यासाठी तंतोतंत सपाट टेबल लागतं. फ्लश डोअरचं नवं दार दोन घोड्यांवर टाकलं की काम भागतं. त्यावर आराखडा पसरावा, वर पातळ प्लॅस्टिक घालावं आणि त्यावरच पट्ट्या टाचण्यांनी रोवून चिकटवाव्यात. पंख म्हणजे मधून जाणारी मुख्य पट्टी, म्हणजे स्पार, आणि तिला आडव्या बसवलेल्या बरगड्या. लाकूड मुख्यतः बाल्सा. ते दक्षिण अमेरिकेतून येतं, वजनाला अगदी हलकं असतं. पण एकाच मापाच्या दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो. म्हणून प्रत्येक फळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलावी. जड फळ्या नाकाकडे, सर्वांत हलक्या शेपटीला, आणि डाव्या-उजव्या पंखांना सारख्या वजनाच्या.

शेपटीकडे एवढं लक्ष का? कबचं नाक आखूड आणि शेपूट लांब. शेपटीत वाढलेला एक ग्रॅम तोलायला नाकात सुमारे तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं. शेपटीच्या सांध्यावर हौसेनं ओतलेला जास्तीचा डिंक असा तिप्पट भरावा लागतो.

लाकडाला लाकूड जोडायला फेविकॉल पुरतो. इंजिन ज्या जाड प्लायवर बसतं त्या आडभिंतीला मात्र सावकाश घट्ट होणारं इपॉक्सीच वापरावं. पाच मिनिटांत वाळणारं इपॉक्सी सोयीचं असतं, पण उष्णता आणि हादरे सोसायला ते कमी पडतं.

आवरण चढवणं सोपं आहे. इस्त्रीच्या उष्णतेनं आक्रसणारं कापड किंवा फिल्म आधी कडांना चिकटवावी, मग मधला भाग ताणून घ्यावा. एकच बाजू पूर्ण ताणली तर पंख पिळवटतो; वर-खाली आलटून पालटून जावं. मुंबई-कोकणात हे काम पावसाळ्यात काढू नये. दमट लाकडावर चढवलेलं आवरण लाकूड सुकलं की सैल पडतं.

आता इंजिन. या मापाला ३० ते ३५ सीसीचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन पुरेसं आहे. ते अगदी सरळ बसवत नाहीत. पंख्याच्या ओढीमुळे विमान डावीकडे वळतं, म्हणून आराखड्यात दिलेले एक-दोन अंश उजवीकडे आणि किंचित खाली रोखतात. प्रत्येक बोल्टला थ्रेडलॉक, म्हणजे आटे हादऱ्यानं सुटू न देणारा द्रव, लावावा. एकही बोल्ट त्याशिवाय नको.

इंधनाच्या टाकीत तीन नळ्या येतात: एक इंजिनकडे, एक हवेसाठी, एक भरण्यासाठी. इंजिनकडच्या नळीच्या आतल्या टोकाला वजन असतं, म्हणजे विमान कसंही कललं तरी ते टोक पेट्रोलमध्येच राहतं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सिलिकॉनची नळी. ती मिथेनॉलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनांसाठी असते. पेट्रोलमध्ये ती फुगते, मऊ पडते आणि निसटते. पेट्रोलला चालणारी नळीच मागून घ्यावी, टाकीच्या बुचासकट. आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं आणि ते ओल धरतं, तेव्हा दिवस संपला की टाकी रिकामी करावी आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल इंजिन चालवून संपवावं.

पुढचा टप्पा सर्वोंचा. सर्वो म्हणजे रेडिओचा हुकूम मिळताच ठरलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर. इथे धातूचे गिअर असलेले, किमान १० किलो-सेंटिमीटर जोराचे घ्यावेत. सर्वोपासून सळई निघते ती पंखाच्या हलत्या पट्टीपर्यंत, म्हणजे एलेरॉनपर्यंत. शेपटीवरच्या आडव्या आणि उभ्या पट्ट्यांनाही, म्हणजे एलिव्हेटर आणि रडरलाही, तशीच.

या सळईच्या दोन टोकांवर सगळा खेळ आहे. रेडिओ चालू ठेवून एलेरॉनची मागची कड चिमटीत धरावी आणि हलकेच वर-खाली करावी. सर्वो न फिरता कड एक-दीड मिलिमीटरहून जास्त हलली, तर कुठेतरी भोक मोठं झालं आहे किंवा सळई वाकते आहे. जमिनीवर हा खुळखुळा क्षुल्लक वाटतो. हवेत वेग वाढला की त्यातूनच फ्लटर सुरू होतो: पट्टी स्वतःहून इतक्या वेगानं थरथरते की मोठा घरघराट ऐकू येतो आणि काही क्षणांत बिजागरी किंवा सर्वोचे दात जातात. तसा आवाज आला तर लगेच इंजिन मंद करून उतरवावं.

खुळखुळा टाळायला सळई जाड घ्यावी, टोकांना बॉल-लिंक, म्हणजे गोळीवर फिरणारे सांधे, लावावेत, आणि सळई सर्वोच्या हातावर आतल्या भोकात व पट्टीच्या शिंगावर, म्हणजे सळई जोडायला पट्टीवर बसवलेल्या पात्यावर, बाहेरच्या भोकात बसवावी. पुष्कळजण उलटं करतात आणि मग रेडिओतून हालचाल निम्म्यावर आणतात. त्यानं सर्वोचा अर्धा जोर वाया जातो आणि खुळखुळा दुप्पट होतो.

बिजागऱ्या चिकटवताना सांध्यावर आधी व्हॅसलीनचं बोट फिरवावं, म्हणजे इपॉक्सी आत शिरून त्या जाम होत नाहीत.

विजेची जोडणी सर्वांत कंटाळवाणी, आणि घात इथेच जास्त होतात. इंजिनच्या ठिणगीची बॅटरी वेगळी आणि रिसीव्हरची वेगळी. रिसीव्हर म्हणजे विमानातला रेडिओचा कान. ठिणगीचा डबा आणि त्याच्या तारा नाकात ठेवाव्यात, रिसीव्हर त्यांच्यापासून निदान ३० सेंटिमीटर मागे, फोममध्ये. त्याच्या दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात.

सगळे सर्वो एकदम जोर लावतात तेव्हा बरीच वीज खेचली जाते. पातळ वायर आणि स्वस्त बटण असेल तर दाब क्षणभर कोसळतो आणि रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. ते दोन सेकंद विमान कोणाचंच नसतं. म्हणून रिसीव्हरला दोन बॅटऱ्या, दोन बटणं आणि जाड वायर द्यावी. हा खर्च टाळून महागडा रंग घेणारे लोक मला कधी समजले नाहीत.

सिग्नल तुटला तर विमानानं काय करावं हेही आधीच ठरवून ठेवायचं असतं. याला फेलसेफ म्हणतात. इंजिन मंद किंवा बंद, हीच त्याची योग्य रचना. ती तपासायची तर विमान घट्ट धरून मुद्दाम हातातला ट्रान्समीटर बंद करून पाहावा. ठिणगी रेडिओवरून बंद करता येईल असं बटणही बसवावं.

आता तोल. टाकी रिकामी ठेवून पंखांखाली दोन बोटं लावावीत. पाव मापाच्या कबच्या पंखाची रुंदी सुमारे ४०० मिलिमीटर. पुढच्या कडेपासून ११० ते १२० मिलिमीटरवर विमान सपाट राहिलं पाहिजे, आराखड्यात वेगळं दिलं नसेल तर. मागे कललं तर शिसं घालण्याआधी बॅटऱ्या आडभिंतीपर्यंत पुढे सरकवून पाहाव्यात. नाक थोडं जड असलेलं विमान आळशी उडतं. शेपूट जड असलेलं बहुधा पहिल्याच फेरीत जातं.

कबची एक खोड सांगतो. डावीकडे वळायला एलेरॉन दिला की नाक आधी उजवीकडे जातं, कारण खाली झुकलेली पट्टी हवेला जास्त अडते. रेडिओत एलेरॉनची वरची हालचाल खालच्यापेक्षा दुप्पट ठेवावी आणि वळताना रडरही द्यावा.

भारतात उडवायचं असेल तर ड्रोन नियम २०२१ लागू होतात. २५ किलोपर्यंतचं, हौसेसाठी किंवा शिक्षणासाठी आणि नजरेच्या टप्प्यातच उडवलं जाणारं यंत्र त्यात मॉडेल म्हणून धरलं आहे. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशावर आपलं मैदान आधी पाहून घ्यावं. लाल आणि पिवळ्या पट्ट्यात परवानगीशिवाय उडवता येत नाही.

मैदानावर पंखांचे तिरके आधार लावल्याशिवाय इंजिनला हात लावू नये. बहुतेक मोठ्या मॉडेलमध्ये ते शोभेचे नसतात, भार खरोखर उचलतात. रेडिओचा पल्ला इंजिन बंद ठेवून एकदा आणि चालू ठेवून पुन्हा तपासावा. चालवताना मागून एकानं शेपूट धरावी, आणि पंख्याच्या समोर किंवा बाजूला कोणी उभं राहू नये. पहिलं उड्डाण अनुभवी माणसाच्या हाती द्यावं. त्यात कमीपणा नाही.

पंखा लाकडी असेल तर दोन-तीन उड्डाणांनंतर त्याचे बोल्ट पुन्हा आवळावेत. लाकूड दबतं आणि बोल्ट न फिरताच ढिले होतात.